संगीताच्या संगणकावर व्हर्च्युअल वाद्यं बसवणं आणि लावून ठेवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या स्टुडिओत अभंग, भावगीतं, नाटकाचं पार्श्वसंगीत किंवा गणपतीची गाणी करणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. व्हर्च्युअल वाद्य म्हणजे संगणकात वाजणारं वाद्य. उदाहरणं मुख्यतः विंडोज, रीपर (गाणं रेकॉर्ड करून जुळवायचं सॉफ्टवेअर, म्हणजे डीएडब्ल्यू) आणि कॉन्टॅक्ट (रेकॉर्ड केलेली वाद्यं वाजवणारं प्लगइन) यांची घेतली आहेत. मॅकवर जिथे वेगळं करावं लागतं, तिथे तसं सांगितलं आहे.

प्लगइन, लायब्ररी, प्रीसेट, लायसन्स या सगळ्यांत नेमका फरक काय?

हे एकदा पक्कं समजलं की पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत. एका व्हर्च्युअल वाद्याचे चार भाग असतात आणि ते संगणकावर चार निरनिराळ्या जागी राहतात. पहिला भाग म्हणजे प्लगइन, म्हणजे प्रत्यक्ष प्रोग्राम. तो बहुधा छोटा असतो आणि त्याची जागा ठरलेली असते. दुसरा भाग लायब्ररी, म्हणजे खऱ्या वाद्याच्या रेकॉर्ड केलेल्या हजारो सुरांच्या फाइल्स (सॅम्पल). ही अवाढव्य असते. स्पेक्ट्रासॉनिक्सचं कीस्केप एकटंच ७७ जीबी घेतं. तिसरा भाग तुम्ही स्वतः जुळवलेले आणि सेव्ह केलेले प्रीसेट, जे बरेचदा डॉक्युमेंट्समध्ये जाऊन बसतात. चौथा परवाना, जो कंपनीच्या खात्यात, आयलॉकमध्ये (परवाने सांभाळणारी सेवा) किंवा त्या संगणकाच्या पोटात नोंदलेला असतो.

कुठलंही नवं वाद्य बसवताना या चारही गोष्टी कुठे गेल्या ते एका वहीत लिहून ठेवा. कंपनी, खात्याचा ई-मेल, लायब्ररीचं फोल्डर आणि परवान्याचा प्रकार, एवढं पुरे. हार्ड डिस्क बिघडते त्या दिवशी ही वहीच कामाला येते.

सिंथेसायझर प्रकारातल्या प्लगइनला दुसरा भाग बहुधा लागतच नाही, कारण तो आवाज जागच्या जागी गणिताने तयार करतो. म्हणून ‘सर्ज एक्सटी’ बसवून लगेच वाजतं आणि कॉन्टॅक्ट बसवून काहीच वाजत नाही. कॉन्टॅक्टला लायब्ररी द्यावी लागते.

व्हीएसटी२, व्हीएसटी३, एयू, एएएक्स असे पर्याय इन्स्टॉलर विचारतो. सगळ्यांवर टिक करू का?

नको. ही एकाच प्लगइनची निरनिराळ्या सॉफ्टवेअरांसाठीची रूपं आहेत. तुमचं सॉफ्टवेअर जे वाचतं तेवढंच घ्या. विंडोजवर रीपर, क्यूबेस, एफएल स्टुडिओ, एबलटन यांपैकी काहीही असेल तर व्हीएसटी३. लॉजिक फक्त एयू वाचतं. एएएक्स प्रो टूल्ससाठी आहे. क्लॅप हा २०२२ मध्ये आलेला नवा, खुला प्रकार; बिटविग आणि रीपर तो वाचतात.

व्हीएसटी स्टाइनबर्गने १९९६ मध्ये आणलं, १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यातून वाद्यंही वाजवता येऊ लागली आणि २००८ मध्ये व्हीएसटी३ आलं. ऑक्टोबर २०१८ पासून नव्या डेव्हलपरांना व्हीएसटी२ चा परवाना मिळणं बंद झालं. नवं काम व्हीएसटी३ मध्येच करा, पण जुने व्हीएसटी२ प्लगइन घाईने उडवू नका. जुन्या प्रोजेक्टमध्ये व्हीएसटी२ लावलेलं असेल तर त्याच्या जागी व्हीएसटी३ आपोआप येईलच असं नाही, आणि तीन वर्षांपूर्वीच्या गाण्याचा ट्रॅक गप्प बसतो.

फोल्डर कुठलं निवडायचं?

व्हीएसटी३ साठी निवडायचंच नाही. विंडोजवर सी ड्राइव्ह, प्रोग्राम फाइल्स, कॉमन फाइल्स, व्हीएसटी३ ही जागा ठरलेली आहे. तिथेच राहू द्या. मॅकवर मुख्य लायब्ररी फोल्डरात ऑडिओ, मग प्लग-इन्स, आणि आत व्हीएसटी३ किंवा कंपोनंट्स. एयू कंपोनंट्समध्ये जातं.

गोंधळ होतो तो व्हीएसटी२ चा. प्रत्येक कंपनीचा इन्स्टॉलर वेगळी जागा सुचवतो आणि वर्षभरात पाच ठिकाणी डीएलएल फाइल्स (विंडोजवर व्हीएसटी२ प्लगइन याच रूपात असतात) पसरतात. सी ड्राइव्हच्या प्रोग्राम फाइल्समध्ये ‘व्हीएसटी प्लगइन्स’ नावाचं एकच फोल्डर करा, प्रत्येक इन्स्टॉलरला तेच दाखवा आणि रीपरच्या प्रेफरन्सेसमध्येही त्याचाच पत्ता द्या.

आपल्याकडच्या वापरकर्त्यांसाठी एक खास सूचना. विंडोजवरचं युजरनेम किंवा लायब्ररीच्या फोल्डरचं नाव देवनागरीत ठेवू नका. काही जुन्या प्लगइनांना रोमन सोडून दुसऱ्या लिपीतला पत्ता वाचता येत नाही. ते खरं कारण न सांगता नुसतेच सॅम्पल सापडत नाहीत म्हणतात. गाण्याची, प्रोजेक्टची नावं मराठीत खुशाल ठेवा. लायब्ररीचा पत्ता तेवढा रोमन आणि छोटा असू द्या. छोटा यासाठी, की विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे. फोल्डरात फोल्डर अशी खोल लायब्ररी डेस्कटॉपवर उलगडायला गेलात तर काही फाइल्स मध्येच गळतात.

लायब्ररी कुठे ठेवावी? सी ड्राइव्ह भरत चालला आहे.

लायब्ररी सी ड्राइव्हवर ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वेगळी एसएसडी घ्या. संगणकात जागा असेल तर आत बसवा, लॅपटॉप असेल तर यूएसबी ३ वर बाहेरून जोडा.

हार्ड डिस्क का चालत नाही ते पाहू. वाद्य लोड होताना प्रत्येक सुराचा फक्त सुरुवातीचा तुकडा रॅममध्ये येतो. बाकीचा भाग तुम्ही पट्टी दाबल्यावर डिस्कवरून वाहत येतो. कॉन्टॅक्टमध्ये हा सुरुवातीचा तुकडा मूळ सेटिंगला ६० केबीचा असतो. तुम्ही स्ट्रिंग्जचा चार सुरांचा कॉर्ड धरलात, प्रत्येक सुराला तीन माइकचे वेगळे आवाज आहेत, तर डिस्कला एकाच वेळी बारा ठिकाणांहून वाचावं लागतं. फिरणाऱ्या तबकडीच्या डिस्कचा काटा इतक्या ठिकाणी एकदम पोहोचू शकत नाही, म्हणून आवाज तुटतो. एसएसडीला काटाच नाही. साधी साटा एसएसडीसुद्धा सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते आणि या कामाला पुरून उरते. महागडी एनव्हीएमई घेतलीत तर वाद्य लोड लवकर होईल, पण वाजण्यात कानाला फरक कळणार नाही. पैसे वेगापेक्षा क्षमतेवर घाला. एसएसडी असली की तो ६० केबीचा आकडा कमी करता येतो, आणि त्यातून बरीच रॅम मोकळी होते.

बाहेरची एसएसडी घेताना दोन काळज्या. फॉरमॅट विंडोजसाठी एनटीएफएस करा. विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालवायची असेल तर एक्सफॅट. फॅट३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. दुसरी काळजी ड्राइव्हच्या अक्षराची. आज ‘ई’ म्हणून दिसलेली डिस्क उद्या पेनड्राइव्ह लावलेला असताना ‘एफ’ होते आणि सगळ्या लायब्रऱ्या हरवतात. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला ‘एस’सारखं मागचं अक्षर एकदाच कायमचं देऊन टाका.

डिस्कवर वरच्या पातळीला कंपनीनुसार फोल्डर करा. वाद्यानुसार करायचा मोह होतो, पण कंपनीचं डाउनलोडर ॲप लायब्ररी तिच्याच घरात शोधतं आणि अपडेटही तिथेच टाकतं. वाद्यानुसार रचना कुठे करायची ते पुढे येईल.

आधीच सी ड्राइव्हवर असलेली लायब्ररी हलवता येते का?

येते. नुसती कट-पेस्ट करून थांबू नका, नवा पत्ता सांगावा लागतो. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सच्या (कॉन्टॅक्ट बनवणारी कंपनी) लायब्रऱ्यांसाठी त्यांचं नेटिव्ह ॲक्सेस हे ॲप उघडा. हलवलेली लायब्ररी तिथे हरवलेली दिसेल, ‘लोकेट’ने नवं फोल्डर दाखवा. स्पेक्ट्रासॉनिक्सच्या वाद्यांना ‘स्टीम’ नावाचं फोल्डर लागतं. ते दुसरीकडे नेऊन मूळ जागी त्याच नावाचा शॉर्टकट ठेवायचा असतो. जे प्लगइन पत्ता बदलूच देत नाहीत त्यांच्यासाठी विंडोजमध्ये जंक्शन आणि मॅकवर सिमलिंक करता येते. फोल्डर खरं दुसऱ्या डिस्कवर असतं, पण प्लगइनला ते जुन्याच जागी दिसतं.

‘सॅम्पल्स मिसिंग’ अशी खिडकी येते. काय करू?

कॉन्टॅक्टला त्या खिडकीतून लायब्ररीचं नवं फोल्डर दाखवा, वाद्य उघडलं की लगेच सेव्ह करा. लायब्ररीत शंभर वाद्यं असतील तर प्रत्येकाला असं करत बसू नका. कॉन्टॅक्टमध्ये ‘बॅच रीसेव्ह’ आहे, ते पूर्ण फोल्डरातल्या वाद्यांचे पत्ते एका दमात दुरुस्त करतं. त्यानंतर वाद्यं उघडतातही लवकर. आधी मूळ फोल्डरची प्रत काढा, मगच बॅच रीसेव्ह.

कॉन्टॅक्टमधलं वाद्य पंधरा मिनिटांनी बंद पडतं. बिघाड आहे का?

नाही. तुमच्याकडे फुकटचा कॉन्टॅक्ट प्लेअर आहे आणि लायब्ररी पूर्ण कॉन्टॅक्टसाठी बनवलेली आहे. विकत घेण्यापूर्वी वर्णनात ‘प्लेअरमध्ये चालते’ असं स्पष्ट लिहिलं आहे का ते पाहा. स्वस्त भारतीय वाद्यांच्या लायब्रऱ्यांत हा घोटाळा फार होतो. लायब्ररी स्वस्तात मिळते आणि कॉन्टॅक्ट तिच्या कितीतरी पट महाग पडतं.

इन्स्टॉल यशस्वी झालं असं सांगितलं, पण डीएडब्ल्यूमध्ये प्लगइन दिसत नाही.

सर्वांत जास्त डोकेदुखी याचीच. या क्रमाने जा.

आधी फाइल खरंच आहे का ते व्हीएसटी३ च्या फोल्डरात डोळ्यांनी बघा. नसेल तर इन्स्टॉलरमध्ये तो प्रकार निवडायचा राहिला आहे. फाइल असेल तर पुन्हा स्कॅन करा, आणि नुसतं नव्हे, कॅशे (आधीच्या स्कॅनची नोंद) पुसून. रीपरमध्ये व्हीएसटीच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘रीस्कॅन’च्या बटणातच कॅशे पुसून सगळं तपासण्याचा पर्याय आहे. एबलटनमध्ये ऑल्ट दाबून रीस्कॅन करायचं. क्यूबेसमध्ये प्लग-इन मॅनेजरची ब्लॉकलिस्ट बघा. स्कॅनच्या वेळी एकदा अडखळलेला प्लगइन तिथे अडकून पडतो आणि तुम्ही सोडवल्याशिवाय बाहेर येत नाही. लॉजिकमध्ये प्लग-इन मॅनेजरमधून त्या एकट्याला रीसेट करून तपासता येतं.

तरीही नाही? मग ३२ बिटचा प्लगइन ६४ बिटच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा प्रयत्न चालला असेल. जुने फुकटचे तबला-तानपुऱ्याचे बरेच प्लगइन ३२ बिटचे आहेत. रीपर विंडोजवर असे प्लगइन स्वतःच पुलावरून चालवतं. इतरांसाठी जेब्रिजसारखं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. मॅकवर मात्र २०१९ च्या कॅटलिनापासून ३२ बिटचा दरवाजा कायमचा बंद आहे.

ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर आणखी एक कारण असतं. प्लगइन फक्त इंटेलसाठी बनवलेला आणि डीएडब्ल्यू मूळ रूपात चालू, अशी जोडी असली की बऱ्याच सॉफ्टवेअरांना तो दिसत नाही. डीएडब्ल्यूच्या आयकॉनवर ‘गेट इन्फो’ करून रोझेटामध्ये (इंटेलचे प्रोग्राम चालवणारी ॲपलची सोय) उघडून बघा. तिथे दिसला तर कारण सापडलं. मग कंपनीकडून नवी आवृत्ती घ्या, कारण रोझेटा हा कायमचा आधार नाही.

शेवटचं कारण विंडोजवर हमखास भेटतं. प्लगइनला लागणारं मायक्रोसॉफ्टचं ‘व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल’ संगणकात नसतं. ते मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेऊन बसवा.

नवा संगणक घेतला आहे. कुठल्या क्रमाने बसवू?

विंडोजचे सगळे अपडेट, मग ऑडिओ इंटरफेसचा कंपनीचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिरात पोहोचवणारा), मग डीएडब्ल्यू, मग आयलॉक मॅनेजर आणि कंपन्यांची डाउनलोडर ॲप्स, आणि शेवटी वाद्यं. डाउनलोडर ॲपमध्ये लायब्ररीचं फोल्डर पहिलं डाउनलोड सुरू करण्याआधीच बदला.

एकाच दिवशी सगळं ओतू नका. एक वाद्य बसवा, डीएडब्ल्यू उघडा, वाजवून बघा, मग दुसरं. दहा एकदम बसवल्यावर संगणक अडखळू लागला तर गुन्हेगार कोण ते शोधता येत नाही. डाउनलोडचाही हिशेब करा. रोज २ जीबीच्या मोबाइल डेटावर ७७ जीबीची लायब्ररी उतरवायला सव्वा महिन्याहून जास्त लागेल. ब्रॉडबँड असलेल्या मित्राकडे एसएसडी घेऊन जाणं सोपं. शिवाय उतरलेलं पॅकेज आणि त्यातून उलगडलेल्या फाइल्स दोन्ही काही काळ सोबत राहतात, तेव्हा दुप्पट जागा मोकळी ठेवा. वीज जाणाऱ्या गावात लायब्ररी उलगडताना यूपीएस हवाच.

माझ्याकडे दीडशे प्लगइन आहेत. हवा तो सापडेपर्यंत चाल विसरायला होते. यादी कशी लावू?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फोल्डरातल्या मूळ फाइल्स हलवून यादी लावायची नाही. ती डीएडब्ल्यूच्या आत लावायची. रीपरच्या एफएक्स ब्राउझरमध्ये स्वतःचे फोल्डर करता येतात, क्यूबेसमध्ये कलेक्शन, एबलटनमध्ये रंगांची कलेक्शन, लॉजिकमध्ये कॅटेगरी, एफएल स्टुडिओत प्लगइन डेटाबेस. मूळ फाइल जागची हलत नाही, फक्त तुमची यादी बदलते.

आता वर्गवारी. कंपनीच्या नावाने लावलेली यादी संगीतकाराच्या उपयोगाची नसते. अंतरा बांधताना डोक्यात ‘इथे बासरी हवी’ असं येतं, कंपनीचं नाव येत नाही. माझी सुचवण अशी : ताल, पेटी आणि की, तंतू, सुषिर, स्ट्रिंग्ज, बेस, पॅड, सिंथ. आणि या सगळ्यांच्या वर ‘रोजची’ नावाचं एक फोल्डर, ज्यात वीसपेक्षा जास्त वाद्यं कधीच नसतील. एकविसावं आत यायचं असेल तर एकाने बाहेर जायचं. तीन महिने ज्याला हात लागला नाही ते ‘रोजची’मधून काढा, संगणकातून काढायची गरज नाही.

पण खरी गंमत ट्रॅक टेम्प्लेटमध्ये आहे, आणि लोक तिथपर्यंत जातच नाहीत. कॉन्टॅक्ट हे एकच प्लगइन आहे. त्याच्या आत तुमची साठ वाद्यं आहेत. यादीत ‘कॉन्टॅक्ट’ सापडून उपयोग काय? म्हणून एखादी बासरी लोड करा, तिचा पिच बेंड, ईक्यू, रिव्हर्बचा सेंड, आवाजाची पातळी नीट लावा आणि तो अख्खा ट्रॅक टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा : ‘बासरी, मंद्र, अभंगासाठी’. ‘तबला, काळी चार’. ‘स्ट्रिंग्ज, लांब, मागे’. पुढच्या वेळी दोन क्लिकमध्ये वाजतं वाद्य हाताशी. असे पंचवीस टेम्प्लेट दीडशे प्लगइनांना भारी पडतात.

तबल्याची लायब्ररी माझ्या स्वरात नाही. ट्रान्स्पोज करू का?

एक-दोन अर्धस्वरांपर्यंत चालतं. त्यापुढे चाटेचा कडकपणा जातो आणि वाद्य लहान किंवा मोठं झाल्यासारखं वाटतं, कारण सूर खालीवर करताना पुडीचा सगळा नादच ताणला जातो. तुमची गायिका काळी चारमध्ये, म्हणजे जी शार्पमध्ये गात असेल तर त्या स्वराजवळ रेकॉर्ड केलेला तबला असलेली लायब्ररी शोधा. घेण्याआधी कुठल्या कुठल्या स्वरांत तबले आहेत ते बघा.

मींड आणि श्रुती या प्लगइनांत येतात का?

येतात, पण मूळ सेटिंगवर नाही. पिच बेंडचं चाक मूळ सेटिंगला वर-खाली दोनच अर्धस्वर जातं. सतार, सारंगी, बासरीला ते बारापर्यंत वाढवा; मिडीत पिच बेंडच्या १६,३८४ पायऱ्या असतात, त्यामुळे वाढवूनही खडबडीत होत नाही. श्रुतींसाठी कॉन्टॅक्टच्या तयार स्क्रिप्टांत मायक्रोट्यूनिंगची स्क्रिप्ट आहे, आणि सर्ज एक्सटी स्काला फाइल्स (सुरांच्या जुळणीच्या) वाचतं. तानपुऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) असतो, कीबोर्डचा ४०० वर. हा १४ सेंटचा फरक संथ चालीत, तानपुरा उघडा असताना, स्पष्ट टोचतो. एकदा लावून टेम्प्लेटमध्ये सेव्ह केलंत की पुन्हा बघावं लागत नाही.

ढोलकी, संबळ, हलगी कुठे मिळेल?

तबला, ढोलक, सतार भरपूर मिळतात. स्वार सिस्टिम्सची वाद्यं आणि नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सची ‘इंडिया’ ही लायब्ररी अनेकजण वापरतात. आपल्या लोकवाद्यांची निवड मात्र तोकडी आहे. वादक ओळखीचा असेल तर त्याला रीतसर मानधन देऊन, आवाज वापरण्याची लेखी परवानगी घेऊन, स्वतः लायब्ररी करा. वाटतं तितकं अवघड नाही.

ढोलकीचे शाईच्या आणि धुमाच्या बाजूचे मिळून दहा बोल धरू. प्रत्येक बोल चार जोरांत आणि प्रत्येक जोरात पाच वेळा वाजवून घ्या. पाच वेळा यासाठी, की एकच आवाज पुन्हा पुन्हा वाजला की मशीनगनसारखा ऐकू येतो; आलटून पालटून वाजला की हात जाणवतो. या झाल्या २०० फाइल्स. २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, स्टिरिओ, प्रत्येकी दोन सेकंद, म्हणजे सगळं मिळून जेमतेम १०६ एमबी. या फाइल्सचं वाद्य करायला एसएफझेड वापरा; ती साधी टेक्स्ट फाइल असते. तिच्यात कुठली पट्टी, किती जोर, कितवी पाळी आणि कुठली फाइल एवढंच लिहायचं असतं. प्लोगचं सफोर्झांडो हे प्लेअर फुकट आहे आणि ते ती वाजवतं. डिसेंट सॅम्पलरही फुकट आहे, त्याची पद्धत थोडी वेगळी.

कुठली फुकट वाद्यं आधी बसवावीत?

सर्ज एक्सटी, व्हायटल, डेक्स्ड, स्पिटफायरचं लॅब्स, सफोर्झांडो आणि कॉन्टॅक्ट प्लेअर. एवढ्यावर पूर्ण गाणं होतं. डेक्स्ड यामाहाच्या डीएक्स७ चे जुने आवाज वाचतं. ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांतला तो काचेसारखा पियानो हवा असेल तर ते घ्या.

क्रॅक केलेलं वापरलं तर?

वापरू नका. वाद्य घडवणाऱ्याचे आणि ते वाजवणाऱ्या वादकाचे पैसे त्यात बुडतात. शिवाय क्रॅकसोबत आलेला प्रोग्राम ॲडमिनचे अधिकार मागतो, आणि त्याच संगणकावर ग्राहकाच्या अप्रकाशित गाण्यांच्या फाइल्स आणि तुमचं बँकेचं लॉगिन असतं. नोव्हेंबरात बहुतेक कंपन्या मोठी सूट देतात, तोवर फुकटच्यावर काम करा.

पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो.

वाजवताना बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ ठेवा, ४४.१ किलोहर्ट्झवर तो सुमारे २.९ मिलिसेकंद होतो. मिक्सिंगला ५१२ किंवा १०२४. इंटरफेस नसेल तर आसिओ४ऑल हा ड्रायव्हर. तरीही उशीर होत असेल तर मास्टरवर लावलेला लिमिटर किंवा लिनिअर फेज ईक्यू बंद करून बघा. बरेचदा दोष त्याचा असतो, वाद्याचा नाही.

रॅम किती?

१६ जीबी. मोठा वाद्यवृंद नेहमी लागत असेल तर ३२.

अपडेट आला की लगेच करावा का?

काम चालू असताना करू नये. गणपतीच्या किंवा दिवाळीच्या रेकॉर्डिंगच्या महिन्यात ऑपरेटिंग सिस्टिमचा मोठा अपडेट तर अजिबात नको. अपडेट करण्याआधी जुना इन्स्टॉलर जपून ठेवा. कंपन्या जुन्या आवृत्त्या साइटवर कायम ठेवतीलच असं नाही.

बॅकअप कशाकशाचा?

प्लगइनचा नको, तो पुन्हा उतरवता येतो. लायब्ररीचा घ्या, कारण डेटा आणि वेळ दोन्ही जातात. प्रीसेट, टेम्प्लेट आणि रीपरचं कॉन्फिगरेशन मात्र दर आठवड्याला, कारण ते जगात दुसरीकडे कुठेच नाही. डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हशी जोडलेलं असेल तर जागा वाचवायला त्यातल्या फाइल्स कधीकधी क्लाउडवर सरकतात आणि ऐन वेळी प्रीसेट गायब दिसतात; संगीताच्या संगणकावर ते सिंक बंद करा.

संगणक फॉरमॅट करण्याआधी परवाने मोकळे करा. आयलॉकमध्ये परवाना संगणकावर, यूएसबी किल्लीवर किंवा क्लाउडवर ठेवता येतो. संगणकावरचा परवाना आधी काढून घेतला नाही तर सपोर्टला पत्र लिहीत बसावं लागतं. क्लाउडवर ठेवलात तर काम चालू असताना इंटरनेट सतत हवं.

पाच वर्षांनी हेच प्रोजेक्ट उघडतील का?

सगळे नाही. कंपन्या बंद होतात, ऑपरेटिंग सिस्टिम बदलते, परवाने संपतात. म्हणून गाणं पूर्ण झालं त्याच दिवशी प्रत्येक वाद्याचा ट्रॅक शून्यापासून शेवटापर्यंत २४ बिट वेव्हमध्ये काढा, एकदा इफेक्टसह आणि एकदा कोरा. ४४.१ किलोहर्ट्झचा स्टिरिओ ट्रॅक मिनिटाला सुमारे १६ एमबी घेतो. पाच मिनिटांचं वीस ट्रॅकचं गाणं १.६ जीबी, दोन्ही मिळून सव्वातीन जीबीच्या आत. सोबत मिडी फाइल एक्सपोर्ट करा आणि एका टेक्स्ट फाइलमध्ये टेम्पो, ताल, गायकाची पट्टी आणि कुठल्या ट्रॅकला कुठलं वाद्य, कितवी आवृत्ती, ते लिहा. हे सगळं गाण्याच्या फोल्डरातच ठेवा आणि त्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, शक्य तर दुसऱ्या घरात.